मोतिया की सोफिया?

एप्रिलमध्ये नंदुरबारला बहिणीकडे गेलो होतो. दुपारी बाराला पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. भाचा कॉलेजातून आला, पाठीवरची सॅक टाकली आणि खिशातून बोटाएवढ्या दोन काचेच्या नळ्या काढून माझ्यापुढे धरल्या. मे महिन्यात त्याच्या मित्राचं लग्न होतं, तेही भर दुपारचं. त्यासाठी सेंट घ्यायचा होता. साठवलेल्या पैशांत एकच बाटली येणार होती.

"मामा, दोन्ही उन्हाळ्याचेच आहेत. कोणता घेऊ?"

एक डाव्या मनगटावर लावला, एक उजव्या. डावीकडे लिंबाची साल, संत्र्याचं कोवळं पान आणि त्याखाली काहीतरी गुलाबी, पण गुलाब नव्हे. उजवीकडे समुद्र, कापलेली काकडी, ओला दगड. दोन्ही ताजे, दोन्ही हलके, दोन्ही "फॉर मेन". मी बराच वेळ हुंगत राहिलो आणि उत्तर द्यायचं टाळलं. कारण डाव्या मनगटावरचं ते 'गुलाब नव्हे' मला ओळखीचं वाटत होतं. त्याचा पत्ता मला एका जुन्या गॅझेटिअरमुळे माहीत होता, आणि तो पत्ता होता नंदुरबारच.

आज नंदुरबारचा वास विचारला तर कोणीही मिरची सांगेल. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडते आणि वारा फिरला की अख्खं गाव शिंकतं. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी हिवाळा सुरू होताना या भागातल्या ओढ्यांच्या काठी वेगळाच वास पसरत असणार. इथे गवतापासून सुगंधी तेल काढणाऱ्या भट्ट्या लागत. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या खानदेश खंडात त्यांची संख्या दिली आहे. वर्षाला १९७ भट्ट्या, त्यांतल्या शंभराहून अधिक एकट्या नंदुरबारला, आणि एकूण तेल सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे आजच्या मापात साडेतीन टनांहून थोडं जास्त. ते तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे पार इस्तंबूलपर्यंत जायचं. आणि या तेलाचेही दोन प्रकार होते, मोतिया आणि सोफिया. भाच्याला पडलेला प्रश्न नंदुरबारला नवीन नाही.

गवत

हे गवत म्हणजे रोशा. कोणी रोशेल म्हणतं, कोणी तिखाडी. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'रोहिष' नावाचं सुगंधी तृण येतं, रोशा हे त्याचंच घरगुती रूप. गवती चहाचं हे सख्खं भावंड, पण गवती चहाला लिंबाचा वास, तर रोशाला गुलाबाचा. पान चुरगाळलं की आधी गुलाब येतो, मग हिरवा गवताळपणा, आणि शेवटी नाकाला किंचित झोंबणारं काहीतरी. तिखाडी हे नाव त्या झोंबण्यावरून पडलं असावं असं चुरगाळणाऱ्याला तरी वाटतं.

वनस्पतिशास्त्रात या गवताच्या नावाला एका फ्रेंच माणसाचं नाव चिकटलं आहे. क्लॉड मार्टिन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला सेनापती. लखनौची 'ला मार्टिनिएर' शाळा ज्याच्या पैशातून उभी राहिली तोच हा. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत बालाघाटाच्या भागात त्याच्या लक्षात आलं की गुरं एक विशिष्ट गवत हावरटासारखी खातात, आणि मग त्यांच्या मांसाला, दुधाला, लोण्यालासुद्धा त्या गवताचा वास येतो. त्याने बी गोळा करून लखनौला पाठवलं. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने त्या गवताची नोंद करताना त्याला मार्टिनचं नाव दिलं. आज शास्त्रीय नाव 'सिम्बोपोगॉन मार्टिनी' असं आहे. मार्टिनच्या आधी ते गवत खाणारी गुरं होती, गुरं राखणारे होते, त्यांच्याकडे गवताला नावही होतं. पण नोंदवहीत नाव गेलं ते बी पाठवणाऱ्याचं. या गवताच्या बाबतीत असं व्हायची ही पहिली वेळ, शेवटची नव्हे.

भट्टी

गॅझेटिअरमधलं भट्टीचं वर्णन वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्याने ती जवळून पाहिली असावी. ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

सातपुड्याच्या अंगाने, विशेषतः अक्राणीच्या डोंगरउतारांवर, रोशा मुबलक उगवे. पावसाळा सरला, गवत फुलोऱ्यावर आलं, की कापणी. थंडीच्या सुरुवातीला भट्टीवाले ओढ्याच्या काठी मुक्काम टाकत. ते बहुतेक मुसलमान असत. जागा निवडायची ती जळण आणि वाहतं पाणी दोन्ही हाताशी असेल अशी. सुमारे चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा खणून त्यात चूल करायची. चुलीवर तांब्याचा किंवा लोखंडाचा भला मोठा हंडा चढवायचा, तीस ते पन्नास घागरी पाणी मावेल एवढा. तळाशी पाणी घालून वर काठोकाठ चिरलेलं गवत दाबायचं, थोडं आणखी पाणी शिंपायचं आणि तोंडावर झाकण ठेवून ते कणकेने लिंपून टाकायचं. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघते. तिला फडकं गुंडाळलेलं, त्यावर उडदाच्या पिठाचा लेप, वरून दोरीने करकचून बांधलेलं. ही नळी दुसऱ्या बंद हंड्यात जाते, आणि तो हंडा वाहत्या ओढ्यात गळ्यापर्यंत बुडवलेला असतो.

खाली जाळ, वर वाफ. वाफ नळीतून दुसऱ्या हंड्यात येते आणि ओढ्याच्या गार पाण्याने तिचं पुन्हा पाणी होतं. हंडा भरत आला की थरथरू लागतो. भट्टीवाल्याचं घड्याळ म्हणजे ती थरथर. मग नळी काढायची, हंड्यातलं सगळं तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचं, आणि तेल वर तरंगायला लागलं की अलगद काढून घ्यायचं. उरलेलं सुगंधी पाणी टाकून द्यायचं नाही. ते पुढच्या घाण्याच्या वेळी नव्या गवताबरोबर हंड्यात परत जातं.

यात बाहेरून आणावी लागणारी महागडी वस्तू एकच, हंडा. बाकी कणीक, उडीद, बांबू, दोरी, ओढा. आजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांतून हेच काम होतं, तत्त्वात फरक काहीच नाही. फक्त इथे थंडावा विकत घ्यावा लागत नव्हता, पावसाळ्यानंतरचा ओढा तो फुकट देत होता. म्हणूनच हा हंगामी धंदा होता. उन्हाळ्यात लावायचा सुगंध हिवाळ्यात, वाहत्या पाण्याच्या जिवावर तयार व्हायचा.

दोन वास

आता मोतिया आणि सोफिया. जुन्या नोंदींत दुसऱ्याचं नाव 'सोनफिया' असंही येतं.

भट्टीवाल्यांची समजूत अशी की गवत एकच, वय वेगळं. फुलोरा कोवळा असतो तेव्हा तो निळसर पांढरा दिसतो, तो मोतिया. तोच पिकून लालसर झाला की सोफिया. मोतियाचं तेल नाजूक, गुलाबाकडे झुकणारं. सोफियाचं तेल जाड वासाचं आणि तिखट. त्यात गुलाब असतो, पण आल्याच्या आणि शहाजिऱ्याच्या मागे लपलेला. बाजारात मोतियाला भाव, सोफियाला कमी. इंग्रजी व्यापारात मोतियाचं तेल 'पामारोझा' झालं आणि सोफियाचं 'जिंजरग्रास'.

भट्टीवाल्यासाठी निवड म्हणजे मनगट हुंगून सांगायची आवड नव्हती. कोवळं गवत कापायचं तर वेळ थोडा, दगदग फार, पण दर चांगला. थांबायचं तर गवत जास्त आणि हातात पैसा कमी. शिवाय दोन्ही एकत्र करून 'मोतिया' म्हणून खपवायचा मोह कायमचाच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञ या प्रश्नात शिरले. लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या ऑटो स्टाफने १९०६ साली भारत आणि सिलोनमधल्या तेलगवतांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्या काही वर्षांत आय. एच. बर्किलने मोतिया आणि सोफिया ही एकाच रोपाची दोन वयं नसून दोन वेगळे वाण आहेत असं मांडलं. आणि ते टिकलं. मोतिया उघड्या, कोरड्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारांवर ठोंबाठोंबाने उगवतो, त्याला ऊन हवं. सोफिया सखल, ओलसर जागी, झाडांच्या सावलीत दाट वाढतो. पुढे पेशींतली गुणसूत्रं मोजली गेली. मोतियात २०, सोफियात ४०. रसायनशास्त्रानेही तेच सांगितलं. गुलाबाचा वास देणारं जेरॅनिऑल मोतियाच्या तेलात साधारण ७५ ते ९० टक्के असतं. सोफियात ते बरंच कमी, आणि शहाजिऱ्याचा वास देणारं कार्व्होन, लिमोनीन वगैरे मंडळींची गर्दी जास्त.

मग भट्टीवाले चुकले का? कारण सांगण्यात चुकले, निवडण्यात नाही. वाण कोणता हे त्यांना गुणसूत्रं मोजून कळत नव्हतं, पण कोणत्या उतारावरच्या गवताचं तेल चांगलं निघतं ते नाकाला माहीत होतं. कापणीच्या वेळेनेही तेल बदलतं हे खरंच आहे. आजही फुलोऱ्याच्या काळात कापावं असा सल्ला दिला जातो. नाकाचा निकाल बरोबर होता, त्यामागची कथा तेवढी दुरुस्त करावी लागली.

प्रवास

तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांवर लादलं जाई. एक वाट कोंडाईबारीच्या अवघड घाटातून सुरतेला, दुसरी धुळे-मनमाडवरून मुंबईला. मुंबईत ते जहाजावर चढे, तांबड्या समुद्राच्या बंदरांतून अरबस्तान, इजिप्त असं करत इस्तंबूलला पोहोचे. वाटेत त्याची नावं बदलत जात. खानदेशात रोशा, व्यापारात निमाड तेल, तुर्कीत 'इदरिस यागी'. आणि इस्तंबूलहून ते युरोपात शिरताना त्याला 'टर्किश जिरेनियम' हे नाव मिळे. तुर्कस्तानात ते उगवत नव्हतं आणि जिरेनियमशी त्याचं काही नातं नव्हतं. तरी पाटी तीच.

इस्तंबूलमध्ये त्याचं काम एकच, गुलाबाच्या अत्तरात मिसळणं. बल्गेरियातल्या कझानलिकच्या खोऱ्यात, त्या वेळच्या तुर्की साम्राज्यात, जगातलं नावाजलेलं गुलाबतेल निघे. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. पहाटे, ऊन चढायच्या आत, हाताने खुडलेल्या. त्यापुढे गवताचं तेल म्हणजे माती. मग इस्तंबूलचे व्यापारी रोशाचं तेल लिंबाच्या रसाच्या पाण्याशी घुसळत, उन्हात ठेवत, त्याचा रंग आणि गवताळपणा उतरवत, आणि ते गुलाबात शिरवत. भेसळ पकडली जाऊ नये म्हणून आणखी युक्ती होती. तयार अत्तरात तेल मिसळण्याऐवजी ते भट्टीआधीच गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडायचं. मग भट्टीतून जे येतं ते 'गुलाबाचंच'.

गुलाबतेल गार केलं की त्यातला मेणासारखा अंश गोठतो. रोशा मिसळला की ते उशिरा गोठतं, त्यावरून परीक्षक भेसळ ओळखू पाहत. युरोपच्या औषधी आणि सुगंधी ग्रंथांत त्यामुळे आपल्या गवताची ओळख बहुधा एकाच शीर्षकाखाली येते, भेसळीचे पदार्थ. मला हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं. ओढ्याकाठी ज्याने तो हंडा उतरवला त्याने काही भेसळ केलेली नव्हती. त्याचं तेल गवताचं होतं आणि तो ते गवताचं म्हणूनच विकत होता. लबाडी पाटी बदलणाऱ्याची होती, बदनाम मात्र गवत झालं.

आपल्याकडचे सगळे धुतल्या तांदळासारखे होते असं नाही. मुंबईत विकल्या जाणाऱ्या रोशाच्या तेलात टर्पेंटाइन, रॉकेल, खोबरेल असं काहीबाही घातलेलं असे, अशी तक्रार त्या काळच्या औषधीग्रंथांत आहे. गुलाबात रोशा, रोशात खोबरेल. पॅरिसमधल्या एखाद्या बाईच्या रुमालावरच्या 'तुर्की गुलाबा'त नंदुरबारचं गवत आणि मुंबईचं खोबरेल असे दोघे लपून बसलेले असणार, हे चित्र मला गमतीचं वाटतं. खोबरेल पकडणं मात्र सोपं होतं. शुद्ध मोतिया तेल तिप्पट ७० टक्के मद्यार्कात स्वच्छ विरघळतं. खोबरेल असेल तर पाणी गढूळ होतं.

नाव

१८७१ साली ऑस्कर याकोबसेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून गेलेल्या याच गवताच्या तेलातून त्याचा मुख्य सुगंधी घटक वेगळा काढला. हे तेल युरोपात 'इंडियन जिरेनियम' म्हणूनही विकलं जाई, म्हणून त्याने त्या घटकाला नाव दिलं जेरॅनिऑल. पुढे कळलं की गुलाबातही तेच आहे, जिरेनियममध्येही तेच, गवती चहाच्या काही भावंडांतही तेच. आज साबणापासून डासांच्या मलमापर्यंत जेरॅनिऑल कुठे नाही ते सांगणं अवघड. पण ते पहिल्यांदा ज्या गवतातून निघालं, त्या गवताचं नाव त्याला लाभलं नाही. व्यापाऱ्यांनी लावलेली चुकीची पाटी रसायनशास्त्रात कायमची खिळली गेली. तिचं नाव 'रोशॉल' झालं असतं तर काय बिघडलं असतं?

मग खरा गुलाब आणि रोशा यांत फरक तो काय? जेरॅनिऑल दोन्हीत आहे. पण गुलाबात शेकडो घटक असतात, आणि त्यांतले काही इतके कमी की मोजायलाच विसावं शतक उलटत आलं. डॅमॅसेनोन नावाचा, गुलाबाला गुलाबपण देणारा घटक बल्गेरियन तेलात सापडला तो १९७० साली. म्हणजे इस्तंबूलच्या व्यापाऱ्यांनी जेरॅनिऑलची नक्कल साधली होती, पण जाणत्या नाकाला काहीतरी 'गुलाब नव्हे' असं लागत होतं. भाच्याच्या नळीपाशी मला लागलं तसंच.

माझ्या मते ते 'गुलाब नव्हे' हाच रोशाचा गुण आहे. उन्हाळ्यात गुलाबाचं अत्तर अंगावर लवकर जड होतं. तापलेल्या कातडीवरून सगळाच सुगंध भराभर उडतो. कस्तुरी, ऊद, हिना हिवाळ्यात ऊब देतात, पण ४२ अंशांत त्या शेजाऱ्यालाही छळतात. आपल्या ऋतुचर्येत ग्रीष्मासाठी चंदन आणि वाळा सांगितला तो याच अनुभवाने. युरोपात १७०९ साली कोलोन शहरात स्थायिक झालेल्या योहान मारिया फरीना या इटालियनाने लिंबू-संत्र्याच्या तेलांचं हलकं पाणी विकायला काढलं, तेव्हापासून पुरुषांच्या ताज्या वासांचा एक घाटच ठरून गेला. दुसरा घाट अलीकडचा, समुद्राचा. १९८८ चं 'कूल वॉटर', १९९६ चं 'अ‍ॅक्वा दि जिओ' या बाटल्यांनी तो जगभर नेला. भाच्याच्या हातातल्या दोन नळ्या म्हणजे हे दोन घाट. लिंबाला अडचण एकच, तो पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो. त्याखाली काहीतरी ताजंच पण जरा रेंगाळणारं लागतं. रोशा तिथे चपखल बसतो. वरून लिंबाशी जुळतो, खालून गुलाबाशी, आणि त्याच्या हिरव्या झोंबरेपणामुळे गोड होत नाही.

किंमत

गॅझेटिअरमधल्या त्याच नोंदीत एक वाक्य सहज येऊन जातं, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं ते आहे. या धंद्याचं मूळ ठाणं पिंपळनेर होतं. तिथे गवत दुर्मीळ झालं म्हणून भट्टीवाले नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूला सरकले. गवत कमी झाल्याने तेल पूर्वीपेक्षा महागल्याचंही तिथे नोंदलं आहे.

जरा हिशेब करू. ताज्या गवतातून तेलाचा उतारा ०.३ ते ०.५ टक्के धरला, तर साडेतीन टनांवर तेलासाठी दरवर्षी सातशे ते बाराशे टन गवत कापावं लागलं असेल. त्यात बी धरण्याआधी, फुलोऱ्यातच कापायचं. म्हणजे चांगला मोतिया मिळवण्याची रीतच अशी की पुढच्या वर्षीचं बी जमिनीवर पडायच्या आत गवत हंड्यात जातं. शिवाय १९७ भट्ट्यांना हंगामभर पुरेल एवढं जळण. पिंपळनेरला काय झालं असेल ते समजायला याहून जास्त पुरावा लागत नाही. ज्या साली मोजदाद झाली त्या साली हा धंदा भरात दिसतो खरा, पण तो आपली जमीन मागे टाकत पुढे सरकत होता.

त्याच सुमारास, १८७८ च्या कायद्याने, जंगलावर सरकारी कुंपण पडू लागलं. १९०० साली तापी खोरे रेल्वेने नंदुरबार सुरतेशी जोडलं गेलं आणि कोंडाईबारीच्या बैलांचं महत्त्व संपलं. पण रेल्वे आली तोवर रोशाच्या व्यापाराचं मध्य प्रांत आणि वऱ्हाडाकडे, बैतूल-निमाड-अमरावतीच्या जंगलांकडे सरकणं सुरू झालं होतं. पुढे जावा, ब्राझील, ग्वाटेमाला इथे रोशाची लागवड झाली, आणि कारखान्यात जेरॅनिऑल बनू लागल्यावर डोंगरउतारावरच्या गवताची गरजच कमी झाली.

गवत संपलं असं मात्र नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, मोतियाचे लागवडीसाठी 'तृष्णा', 'पीआरसी-१' असे वाण काढले. मार्टिनने बी पाठवलं होतं तेही लखनौलाच, हा योगायोग. कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत येणारं आणि एकदा लावलं की काही वर्षं कापता येणारं हे पीक. या वाणांना नंदुरबारचं नाव नाही, आणि तसा आग्रह धरण्यातही अर्थ नाही. गवत जिल्ह्याच्या सीमा ओळखत नाही. शिवाय हा जिल्हाच धुळ्यातून वेगळा झाला तो १९९८ साली. पण एखाद्या प्रदेशाच्या चांगल्या वस्तूला जगात शिरायला दुसऱ्याचं नाव घ्यावं लागलं, तर त्या वस्तूचं यश प्रदेशाच्या खात्यावर जमा होत नाही. तिची टंचाई मात्र होते. पिंपळनेरच्या उतारावर उरली ती टंचाई.

निवड

संध्याकाळी भाच्याला घेऊन बाजारात गेलो. काष्ठौषधीच्या एका दुकानात रोशाचं तेल विचारलं. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

"गुडघ्याला लावायचंय का?"

"नाही, हुंगायचंय."

त्याने फडताळातून छोटी बाटली काढली. हे तेल संधिवातावर चोळायची रीत जुनी आहे, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनीही तिची नोंद घेतली आहे. बाजाराच्या दृष्टीने रोशा आता गुडघेदुखीच्या खात्यात आहे. मी एक थेंब भाच्याच्या तळव्यामागे लावला. त्याने हुंगलं, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा हुंगलं.

"गुलाब... नाही. गवत आहे. पण गुलाबासारखं गवत आहे." मग थांबून, "आज सकाळच्या त्या लिंबूवाल्यात हेच होतं ना?"

नाक चांगलं आहे पोराचं. मी त्याला भट्ट्यांची, हंड्याच्या थरथरीची, इस्तंबूलची गोष्ट सांगितली. त्याने ती नीट ऐकली. मला वाटलं आता हा लिंबूवालीच बाटली घेणार. इतिहास सांगणाऱ्याला अशी आशा वाटतेच.

त्याने समुद्रवाली घेतली. "मामा, गवत तर रोजच बघतो. समुद्र कुठे आहे इथे?" यावर काय बोलणार? मे महिन्यातल्या नंदुरबारात भर दुपारी लग्नाला उभं राहायचं तर समुद्र हवासा वाटणं चूक नाही. आणि हीच निवडायची खरी रीत आहे. नाव, पाटी, जाहिरात बाजूला ठेवून दोन मनगटं, एक नाक, आणि आपल्या गावचं ऊन. भट्टीवालेही तसंच निवडत.

घरी आल्यावर तो खोका उलटासुलटा करून वाचत बसला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी होती. लिनालूल, लिमोनीन, आणखी दोन-चार. मग त्याने खोका दिव्याखाली धरून एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे बघा. जेरॅनिऑल. हिच्यातपण आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. होतं. गुडघ्याच्या तेलाची छोटी बाटली मी माझ्याकडे ठेवली. मेमधल्या लग्नाला मलाही बोलावणं होतंच.